ब्रह्मपुरी ते आरमोरी, मुंबईला न जाता

माझी बायको मंगळवारी वारली. सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी तिला वैनगंगेवर नेलं. घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि मागच्या खोलीत गेलो. यंत्रावरचे दिवे लुकलुकत होते. त्यातला आरमोरीचा कोणता, ते मला माहीत नव्हतं.

ती मागची खोली म्हणजे तिचा धंदा. लग्नाआधी ती गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या संगणक विभागात होती. ब्रह्मपुरीला आल्यावर तिने एका थकलेल्या केबलवाल्याकडून त्याच्या तारा आणि गिऱ्हाइकं घेतली, पुढे सरकारी परवाना काढला आणि गावात घरोघरी इंटरनेट द्यायला लागली. मी कॉलेजात ग्रंथपाल. परवान्यावर भागीदार म्हणून माझीही सही होती, पण माझा वाटा एवढाच, की कोणी तक्रार घेऊन आलं की त्याला पाणी द्यायचं आणि "बसा, बाई येतात" म्हणायचं.

तिने केलेल्या कामांपैकी एकाबद्दलच मी इथे लिहिणार आहे. ते बंद करा असं मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. मी ते बंद केलं नाही.

ब्रह्मपुरीहून आरमोरी एसटीने पाऊण तासावर. मध्ये नदी, नदीवर पूल. आम्ही इंटरनेट नागपूरच्या एका कंपनीकडून घ्यायचो आणि पुढे गावात वाटायचो. आरमोरीलाही असाच एक वाटणारा होता, तो दुसऱ्या कंपनीकडून घ्यायचा. या दोन मोठ्या कंपन्यांची एकमेकींशी गाठ पडायची ती थेट मुंबईत. त्यामुळे ब्रह्मपुरीच्या माणसाने आरमोरीच्या माणसाला काही पाठवलं, तर ते आधी नागपूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून पुन्हा नागपूरला आणि मग गडचिरोलीवरून आरमोरीला जायचं. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला एवढा प्रवास. तो क्षणात होतो म्हणून कोणाला कळत नाही.

आम्हाला कळला तो रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीमुळे. उमरेडच्या अलीकडे त्याने आमची नागपूरची फायबर तोडली. त्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा होत्या. मी जुने पेपर आणि झिजलेली पाठ्यपुस्तकं स्कॅन करून कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवली होती. सर्व्हर आमच्या ग्रंथालयाच्या माळ्यावर, निम्मे विद्यार्थी आरमोरीचे, पूल शाबूत, आणि तरी एकालाही पेपर उघडता येईना. मी घरी येऊन हळहळलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमची पुस्तकं नदी ओलांडाले मुंबईले काऊन जाऊन राह्यली? मले हे आधीच दिसाले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी ती आरमोरीला निघाली. मला रजा होती म्हणून मीही गेलो. आमचा लाइनमनही सोबत होता. तो गावतलावात मासे धरणाऱ्या घरातला, वयाने माझ्याएवढाच, आणि खांबावर चढण्यात आमच्या अख्ख्या तालुक्यात त्याला तोड नव्हती.

आरमोरीच्या त्या माणसाचं बाजारात विजेच्या सामानाचं दुकान. वडिलांपासूनचं. मुसलमान व्यापारी घर, आणि सगळी आरमोरी त्याला भाऊ म्हणते. नदीकाठच्या गावांतली गिऱ्हाइकं हा आणि माझी बायको वर्षानुवर्षं एकमेकांकडून ओढत आले होते. दुकानात शिरताच त्याने खुर्ची पुढे केली.

"या बाई. आज काय आमच्या तारा मोजाले आल्या?"

"मोजून काय करू भाऊ? निम्म्या त आमच्याच खांबावर हायेत."

लाइनमन दाराशी उभा होता, तो छताकडे बघायला लागला. तिने मग सरळ सांगितलं. तुमचं यंत्र आणि माझं यंत्र पुलावरून तारेने जोडू. तुमच्या गिऱ्हाइकाचं माझ्या गिऱ्हाइकाकडे जायचं असेल ते या तारेने जाईल. बाकी सगळं जसं जातं तसं जाईल.

"अन् पैसे कोन कोनाले देनार?"

"कोनीच कोनाले नाही."

"असा धंदा असते का बाई?"

"तुमची तलावाखाली धानाची बांधी हाय ना?"

"हाय."

"वरच्याच्या बांधीतून तुमच्या बांधीत पानी येते, तुमच्यातून खालच्याच्या बांधीत जाते. तुम्ही त्या खालच्याले किती पैसे लावता?"

"लावतो कुठचे? पानी त जाऊ द्याच लागते. नाही दिलं त तो कुदळ घेऊन दारात येईन."

"मंग?"

भाऊ हसला. त्याने चहा सांगितला. मग म्हणाला, "पन वरचा आपली बांधी भरल्याबिगर सोडत नाही, हे बी ध्यानात असू द्या."

"ध्यानात हाय. म्हनून त कागद आनला."

कागद एका पानाचा होता. पुलाच्या मध्यापर्यंतची तार तुमची, इकडची आमची. कोणी कोणाकडून काही घ्यायचं नाही. आणि एका वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या: आपल्या यंत्राने समोरच्या यंत्राला फक्त आपल्या गिऱ्हाइकांचे इंटरनेटवरचे पत्ते सांगायचे, दुसऱ्या कोणाचे नाहीत. मला त्या दोन रेघा तेव्हा उगाचच वाटल्या. माणसं समजूतदार आहेत, एवढं ठासून कशाला, असं मनात आलं.

तार जोडली गेली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आरमोरीच्या मुलांना पुस्तकं पटकन उघडायला लागली. पलीकडे दिलेल्या लेकींशी फोनवर बोलताना आयांचे चेहरे मधेच गोठायचे थांबले. हे कशामुळे झालं ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिचा भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. तो गडचांदूरचा, मनाने चांगला. "भाऊजी, हे विकून टाका. तुमाले तार कुठून सुरू होते ते तरी ठाव हाय का?"

"शिकेन," मी म्हणालो.

"या वयात?"

"या वयातच वेळ आहे."

त्याच आठवड्यात नागपूरच्या कंपनीचा अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं. बाईंबद्दल दोन शब्द बोलला, ते खरे होते. मग म्हणाला, "सर, तुम्ही वाचनातली माणसं. हा त्रास तुम्ही कशाला घ्यावा? गिऱ्हाइकं आमच्याकडे द्या. नसतील द्यायची तर जुना करार संपतोय, नवा करू. फक्त ती आरमोरीची तार तेवढी काढा. नव्या करारात तशी अट आहे."

मी कारण विचारलं.

"त्यातून जातं किती, सर? चिमूटभर. लोक बघतात ते सिनेमे, क्रिकेट. ते सगळं बाहेरून येतं. आणि त्या तारेकडे बघायला तुमच्याकडे आता माणूस नाही."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. चिमूटभरच जात होतं. मी बराच वेळ गप्प बसलो. माझी ती सवय आहे, आणि लोक तिला होकार समजतात. त्याने बॅगेतून कागद काढला.

"थोडं आहे म्हणून काढायचं," मी विचारलं, "की थोडं आहे तोवर काढायचं?"

त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. गावागावांतले छोटे एकमेकांना असेच जोडत गेले, तर त्याच्या कंपनीकडून तेवढं कमी घेतील. एवढं मला ग्रंथालयात बसूनही कळत होतं. परवाना असलेल्या दोघांनी आपसात तार जोडणं नियमात बसतं, हे मी तिच्या फायलीत वाचून ठेवलं होतं. मी म्हणालो, तार राहील. कराराला अजून काही महिने होते. तो म्हणाला, विचार करा, सर.

मी विचार केला नाही. मी तिच्या वह्या वाचायला घेतल्या.

जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर तिने सगळं लिहून ठेवलं होतं. कुठली तार कुठे जाते, कुठलं यंत्र कधी रुसतं. तिचं अक्षर बघितलं की मला पुढचं दिसेनासं व्हायचं, म्हणून मी एका बैठकीत एकच पान वाचायचो. नागपूरच्या यंत्राला तिने सगळीकडे 'सासू' लिहिलं होतं आणि आरमोरीच्या यंत्राला 'जाऊ'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या मंगळवारनंतर प्रथमच हसलो. आणि पुस्तकांतून जे कळलं नव्हतं ते कळलं. सासूकडून सगळं मिळतं, पण तिच्या अटीवर आणि मोल देऊन. जावेकडे सगळं नसतं. जे असतं ते ती देते, आपण आपलं देतो, आणि हिशोब राहत नाही.

सहा महिन्यांत मला बरंच जमायला लागलं. लाइनमन बाहेरचं बघायचा, मी आतलं. मग भाऊने आरमोरीचं यंत्र बदललं. पुलावरच्या तारेसाठी दोन्ही बाजूंना सगळी नोंद नव्याने करायची होती. बाजाराचा दिवस होता, सकाळचे अकरा. मी वही उघडी ठेवून एकेक ओळ भरत होतो. एका जागी यंत्राला सांगायचं होतं, की आरमोरीला कोणकोणते पत्ते कळवायचे.

इथे माझ्या पेशाने घात केला. ग्रंथालयात वाचक येतो, पुस्तक आपल्याकडे नसतं. मग चांगला ग्रंथपाल त्याला रिकामा पाठवत नाही. ते नागपूरला आहे, हे गडचिरोलीला मिळेल, असं जे जे ठाऊक असेल ते सांगतो. आयुष्यभर मी हेच केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्या यंत्राला तर साऱ्या जगाचे पत्ते ठाऊक होते, नागपूरने कळवलेले. मला वाटलं, शेजाऱ्याला एवढंसंच काय सांगायचं? मी त्याला जे ठाऊक होतं ते सगळं सांगू दिलं. चांगलं काम केल्यासारखं वाटलं. उठून चहा ठेवला.

यंत्रांच्या जगात पत्ता सांगणं म्हणजे नुसती माहिती देणं नसतं. तिथे पोचवण्याची हमी असते ती. मी आरमोरीला सांगितलं होतं, की साऱ्या जगाकडे जायचा रस्ता माझ्या घरातून आहे. आणि तिकडच्या नव्या यंत्राला इतरांआधी शेजाऱ्याचं ऐकायला शिकवलेलं होतं. चहा उकळेपर्यंत आरमोरीचे सगळे सिनेमे, सगळे फोन, सेवा केंद्रातले सगळे फॉर्म पूल ओलांडून माझ्या मागच्या खोलीत आले आणि माझ्या नागपूरच्या बारीक लाइनीत घुसायला लागले. आरमोरी थांबली. त्यामागे ब्रह्मपुरीही थांबली.

लाइनमन सायकल टाकून आत आला. "सर, चौकात तुमच्या नावानं शिव्या चालू हायेत."

"कोण देतंय?"

"आपल्याच गावचे हायेत. आरमोरीच्या अजून पोचाच्या हायेत."

त्याही पोचल्या. भाऊचा फोन आला. "सर, माझी सारी आरमोरी तुमच्या घरी पंगतीले बसली हाय. वाढता का उठवू?"

"उठवा," मी म्हणालो.

त्याने त्याच्या बाजूने तार तात्पुरती काढली. आरमोरी सुरू झाली, मग आम्ही. मी वही घेऊन बसलो. वही बराच वेळ चाळल्यावर तिने जपून ठेवलेली आरमोरीच्या कराराची प्रत सापडली, दोन रेघांसकट. मी तो कागद पूर्वी वाचला होता. त्या रेघा कोणासाठी आहेत ते मात्र वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. बातमी रातोरात नागपूरला पोचली असावी. तो ओसरीत बसतो न बसतो तोच भाऊही आरमोरीहून आला. दोघांची नुसती तोंडओळख होती. अधिकाऱ्याला आनंद झाला.

"बरं झालं भाऊ, तुम्हीच आलात. आता तुम्हीच सरांना समजवा. काल तुमचं केवढं नुकसान झालं."

"झालं ना," भाऊ म्हणाला. "शिव्या बी खाल्ल्या. माह्या सख्ख्या मेव्हन्यानं देल्या." मग माझ्याकडे वळला. "पन मी रातभर एकच विचार करून राह्यलो. सरनं सारं सांगतलं ते सांगतलं. आमच्या यंत्रानं सारं आयकलं काऊन? अर्धी चूक आमची हाय. आता मी बंदोबस्त केला. तुम्ही काईबी सांगा सर, जेवढं तुमचं हाय तेवढंच आमी आयकू."

अधिकारी हसला, पण भाऊ हसत नव्हता.

"दुसरी गोष्ट. पोरं म्हनतात, तार काढून टाका, बाई त राह्यल्या नाहीत. मी शब्द बाईले देला होता, तुमाले नाही. म्हनून फोन नाही केला, सवता आलो. तुम्ही सांगा. ठेवाची का काढाची?"

अधिकाऱ्याने कागद टेबलावर ठेवला. तोच कागद, तीच अट. "सर, कराराचा हा शेवटचा आठवडा आहे. तार राहिली तर आमच्याकडून लाइन बंद होईल. सगळ्या ब्रह्मपुरीची. मग लोक चौकात काय म्हणतील याचा विचार करा."

ते खरं होतं. तार ठेवली तर गाव माझ्यामुळे पुन्हा बंद पडणार होतं, आणि या वेळी चुकून नाही, जाणूनबुजून. मी ती काढली असती तर मला कोणी बोल लावला नसता. बायको गेलेला म्हातारा, त्याने एक तार काढली. पण त्यानंतर आरमोरीच्या मुलाला ब्रह्मपुरीचं पुस्तक कोणाच्या तरी परवानगीनेच मिळालं असतं, मुंबईच्या वाटेने, आणि वाट तुटली की मिळालंच नसतं. तिने जे एकदा बघितलं ते मी आता न बघितल्यासारखं करू शकत नव्हतो.

माझा आवाज मुळात लहान. ग्रंथालयाने तो आणखी लहान केला आहे. पण ओसरी मोठी नव्हती.

"ठेवायची," मी म्हणालो.

"मग नवा करार होणार नाही, सर."

"होऊ देऊ नका."

"सर, भावनेच्या भरात—"

"भावनेचं ऐकलं असतं तर मी सही केली असती. मला एकट्याला राहायचंय, त्रास नकोय, हीच माझी भावना आहे. तार ठेवतोय ते विचार करून."

तो गेला. भाऊने पाणी मागितलं. मी दिलं. लाइनमन दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "सर, बोलले त खरं, पन सोमवारी गाव आपल्याले मारन."

सोमवारी नागपूरची लाइन बंद झाली. दुसऱ्या कंपनीशी माझं बोलणं झालं होतं, पण त्यांची जोडणी व्हायला तीन दिवस लागणार होते. तेव्हा भाऊने जे केलं ते कागदावर नव्हतं. त्याने स्वतःहून त्याच्या बाजूची नोंद बदलली. मी अजाणतेपणी केलेली चूक त्याने जाणूनबुजून उलटी केली: साऱ्या जगाचे पत्ते आमच्या यंत्राला सांगितले. तीन दिवस सगळी ब्रह्मपुरी पुलावरून, त्याच्या दुकानामागच्या यंत्रातून बाहेर जात होती. सगळं हळू चालत होतं. क्रिकेट अडखळत होतं. चौकात शिव्या होत्याच. पण गाव बंद पडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून आभार मानायला लागलो, तर म्हणाला, "सर, ते राहू द्या. तुमची लाइन आली ना? मंग उठवा तुमची पंगत. माह्ये गिऱ्हाईक बोंबलून राह्यले."

नागपूरच्या त्या कंपनीने पुढे गावात स्वतःची फायबर टाकली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, आमच्या खांबांसमोरून. आमची बरीच घरं तिकडे गेली. माझा मेव्हणा अजून म्हणतो, तेव्हाच विकलं असतं तर. मी त्याच्याशी वाद घालत नाही. जे लोक गेले त्यांच्यावरही राग नाही. ते त्यांच्या सोयीने गेले. एकदा तो अधिकारी बसस्थानकावर भेटला आणि त्याने विचारलं, सर, काय मिळालं? मी म्हणालो, मला काही मिळावं म्हणून ती तार नव्हतीच. त्याची बस आली.

मागच्या महिन्यात जवळच्या वडशाच्या केबलवाल्याने निरोप पाठवला, की त्यालाही आमच्या जोडणीत यायचं आहे. तिघं झालो तर प्रत्येकाने प्रत्येकाकडे वेगळी तार ओढायची गरज नाही. मध्ये एक स्विच, म्हणजे सगळ्या तारा एकत्र आणणारी पेटी, ठेवायचा, तिघांनी आपापली तार त्यात आणायची. हे तिच्या वहीत नाही. हे मी स्वतः वाचून काढलं. तो स्विच कोणाच्या घरी ठेवायचा यावर अजून बोलणं चालू आहे. भाऊ म्हणतो त्याच्या दुकानात, वडशाचा म्हणतो त्याच्याकडे. मी अजून काही बोललेलो नाही.

मी आता कॉलेजातून निवृत्त आहे. घरात एकटा आहे. कॉलेजच्या माळ्यावरचा सर्व्हर, आमची मागची खोली, पुलावरची तार आणि आरमोरीच्या दुकानामागचं यंत्र, एवढं चालू आहे.